मुद्दाम घातलेली खरखर : डिथरिंग कानाला कळतं का?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात. जुनी वस्ती डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली आणि माणसं वर येऊन राहिली. त्या जुन्या घरातून जे काही वर आलं, त्यात एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत दोन कॅसेट. दोन्हीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी आता नाही. आत्या म्हणाली, "तू एवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकतोस ना, मग हे कॉम्प्युटरवर घालून दे की."

पहिली कॅसेट मी रूमवर आणून लॅपटॉपवर उतरवली आणि घालवली. कशी, ते पुढे सांगतो. त्या चुकीमुळे जो विषय मुळापासून वाचावा लागला, तो म्हणजे डिथरिंग. आपल्या विंगमध्ये यावर रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला. एक पार्टी म्हणे, "स्वच्छ आवाजात मुद्दाम नॉईज घालायचा, हा शुद्ध मूर्खपणा." दुसरी पार्टी म्हणे, "डिथरशिवाय फाईल काढणं पाप आहे." मित्रांनो, दोघंही अर्धेच बरोबर होते. कसे ते बघू.

आधी थोडी उजळणी

मायक्रोफोनमधून येणारं व्होल्टेज सलग असतं, उतारासारखं. कॉम्प्युटरला उतार कळत नाही, त्याला जिना लागतो. म्हणून ए-टू-डी कन्व्हर्टर ठरावीक वेळाने व्होल्टेज मोजतो (सॅम्पलिंग) आणि जवळच्या पायरीवर नेऊन ठेवतो (क्वांटायझेशन). १९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीत सेकंदाला ४४,१०० सॅम्पल आणि प्रत्येक सॅम्पलला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या.

जवळच्या पायरीवर ठेवताना जास्तीत जास्त अर्ध्या पायरीची चूक होते. या चुकीचं गणित आपण सगळ्यांनी पेपरात लिहिलंय : सिग्नल टू नॉईज रेशो = ६.०२ × बिट + १.७६ डीबी. १६ बिटला हे सुमारे ९८ डीबी येतं. उत्तर लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला.

पण त्या सूत्रात एक गृहीतक दडलेलं आहे, आणि ते आपण वाचतच नाही. 'चूक ही सिग्नलशी संबंध नसलेल्या नॉईजसारखी आहे' असं धरूनच ते सूत्र निघतं. सिग्नल मोठा आणि गुंतागुंतीचा असेल तर हे बऱ्यापैकी खरं असतं. सिग्नल दोन-चार पायऱ्यांएवढा लहान झाला की ते साफ खोटं ठरतं. तेव्हा चूक सिग्नलच्याच तालावर नाचायला लागते. साइन वेव्ह ओबडधोबड चौकोनी होते, तिच्यात मूळ आवाजात नसलेले हार्मोनिक्स शिरतात. आणि सिग्नल अर्ध्या पायरीपेक्षा लहान झाला, की प्रत्येक सॅम्पल शून्यावर जातो. आवाज नुसता बारीक होत नाही, नाहीसा होतो.

टोमॅटोच्या काट्याचं उदाहरण

हे समजायला नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जाऊ. समजा एक काटा आहे आणि तो फक्त पूर्ण किलो दाखवतो. पॉइंट काही नाही. तुमच्या प्रत्येक कॅरेटचं खरं वजन २०.३ किलो. काटा दर वेळी २० दाखवणार. शंभर कॅरेट घातली तरी शंभर वेळा २०. म्हणजे ३० किलो माल फुकट गेला. आणि गंमत अशी, की कितीही वेळा मोजा, सरासरी काढा, ते ०.३ परत मिळत नाहीत. कारण काटा दर वेळी एकसारखीच चूक करतोय.

आता एक युक्ती करा. एका पिशवीत चिठ्ठ्या ठेवा, उणे अर्ध्या किलोपासून अधिक अर्ध्या किलोपर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या. प्रत्येक कॅरेट ठेवताना डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची आणि तेवढं वजन काट्यावर वाढवायचं किंवा कमी करायचं. चिठ्ठीवर ०.२ पेक्षा जास्त आलं, तर एकूण वजन २०.५ च्या वर जातं आणि काटा २१ दाखवतो. असं किती वेळा होईल? शंभरात साधारण ३० वेळा. उरलेल्या ७० वेळा २०. सरासरी काढा : २०.३!

काट्याला जे दिसत नव्हतं, ते आता दिसलं. काटा तोच आहे, सुधारला काहीच नाही. आपण फक्त त्याची ठरलेली चूक मोडून ती बेभरवशाची केली. एकेक रीडिंग आधीपेक्षा वाईट झालं, पण सगळी मिळून खरी झाली. डिथरिंग म्हणजे एवढंच. पायरीवर ठेवण्याआधी सॅम्पलमध्ये पायरीएवढा यादृच्छिक नॉईज मिसळायचा.

तुम्ही हे लॅबमध्ये नकळत केलेलं आहे. जुन्या काट्याच्या ॲमीटरचं रीडिंग घेण्याआधी लॅब असिस्टंट काचेवर टिचकी मारायला सांगतात. घर्षणाने अडकलेला काटा त्या धक्क्याने सुटतो आणि खऱ्या जागी जातो. ती टिचकी म्हणजे हाताने दिलेलं डिथर. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघा. शाई एकच, काळी. करडा रंग छापखान्यात नाहीच. तरी ठिपक्यांच्या दाटीतून चेहऱ्यावरची सावली दिसते. हाही त्याच घराण्यातला प्रकार. चित्रांसाठी पायरीआधी नॉईज मिसळण्याची कल्पना लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एमआयटीत मांडली आणि १९६२ साली त्यावर पेपर प्रसिद्ध केला. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटची आई म्हणता येईल अशा आर्पानेटचे एक मुख्य शिल्पकार झाले.

एक फासा की दोन?

ऑडिओत हे पक्क्या पायावर आणलं ते कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी. त्यांचा १९८४ चा पेपर शेवटच्या बिटच्याही खालचा आवाज कसा टिकतो यावर आहे.

वरच्या उदाहरणात आपण एकच चिठ्ठी काढली, म्हणजे सपाट वाटणीचा नॉईज. त्याने सरासरी बरोबर येते, पण एक खोड राहते. वजन बरोबर २० किलो असेल तर रीडिंग दर वेळी २० च येतं, चढउतार शून्य. वजन २०.५ असेल तर कधी २०, कधी २१, चढउतार सगळ्यात जास्त. म्हणजे मागची खरखर सिग्नलप्रमाणे कमीजास्त होते, श्वास घेतल्यासारखी. कानाला ही हालचाल कळते.

उपाय सोपा आहे : दोन चिठ्ठ्या काढा आणि बेरीज करा. दोन फाशांच्या बेरजेत सात जास्त वेळा येतो, दोन आणि बारा क्वचित. त्यामुळे वाटणी त्रिकोणी होते. असा त्रिकोणी, एकूण दोन पायऱ्या रुंदीचा नॉईज घातला, की सरासरीही बरोबर राहते आणि खरखरीची पातळीही कायम एकसारखी राहते. सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रँग्युलर' असा जो पर्याय दिसतो, तो हाच.

याची किंमत किती? नॉईजची पॉवर तिप्पट होते, म्हणजे साधारण ४.८ डीबी वाढ. ९८ चे ९३ होतात. त्या बदल्यात वेडावाकडा, सिग्नलला चिकटलेला बिघाड जाऊन त्या जागी एकसारखी सळसळ येते. कान सळसळ विसरतो. रूममधला पंखा पाच मिनिटांनी ऐकू येत नाही, पण त्याच पंख्यात अधूनमधून 'टिक' वाजलं तर झोप लागत नाही. तसंच हे.

खोडदला काय चालतं?

आता आपल्या शेजारची गोष्ट. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टीआयएफआरचं पुण्यातलं एनसीआरए हे केंद्र चालवतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं तेव्हा आपल्यातले बरेच जण गेलेले आहेत, निदान डिशसोबत फोटो काढायला.

आकाशातून येणारा रेडिओ सिग्नल मुळात नॉईजच असतो. त्यात रिसीव्हरचा स्वतःचा नॉईज मिसळतो आणि तो बहुतेक वेळा शोधायच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मग प्रश्न असा, की याला किती बिट लागतात? आपण सीडीला १६ देतो, दुर्बिणीला २४ लागत असतील, असं वाटतं ना? उलट आहे. रेडिओ खगोलशास्त्रात १ आणि २ बिटवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. १ बिट म्हणजे व्होल्टेज शून्याच्या वर की खाली, एवढंच लिहायचं. अशा दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले, तरी सिग्नल टू नॉईजचा सुमारे ६४ टक्के भाग हाती लागतो. २ बिटला (चार पायऱ्या) ८८ टक्के, आणि ४ बिटला जवळजवळ ९९ टक्के. १ बिटच्या मोजणीवरून खरं उत्तर काढण्याचं सूत्र जॉन व्हॅन व्हलेक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली शोधलं होतं. ते उघडपणे छापून आलं १९६६ साली.

हे जमतं कसं? कारण सिग्नलसोबत नॉईज फुकटात आलेला आहे. चिठ्ठ्यांची पिशवी निसर्गानेच दिली. वेगळं डिथर घालायची गरजच नाही. मग जास्त बिट कशाला वापरतात? मोबाईल, टीव्ही, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, असा जोरदार आणि नॉईजसारखा न वागणारा माणसांचा गोंगाट आत शिरला, की थोड्या पायऱ्यांत तो मावत नाही आणि सगळं बिघडतं.

हे लक्षात ठेवा. आपल्या वादाचं उत्तर इथंच आहे.

मग कानाला कळतं का?

उत्तर तीन भागांत देतो.

एक. नेहमीच्या गाण्यांत, नेहमीच्या आवाजाला, १६ बिटवर : नाही. गाण्याचा सगळ्यात मोठा आवाज कानाशी १०० डीबी ठेवला (हा बराच मोठा झाला, रेक्टर वर येतील) तर डिथरची खरखर साधारण ७ डीबीला पडते. पंखा चालू असलेल्या आपल्या रूममध्ये ३५-४० डीबी तर नुसता पंखाच असतो. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये माईकचा, प्रीॲम्पचा, स्टुडिओतल्या हवेचा नॉईज आधीच असतो. तो सरासरीने (आरएमएस) अर्ध्या पायरीएवढा असला, तरी डिथरचं काम बहुतेक उरकतो. खोडदला जे आकाश करतं, ते इथं माईक करतो.

अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली एक अभ्यास छापला. जास्त बिटच्या रेकॉर्डिंगच्या मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घालून, ऐकणाऱ्याला न सांगता, ओळखायला लावलं. ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. गाणं नसताना व्हॉल्यूम फार वाढवला, तेव्हाच १६ बिटची खरखर कळली.

दोन. अगदी बारीक होत जाणाऱ्या आवाजात, शांत खोलीत, हेडफोनवर व्हॉल्यूम वाढवून : हो. तंबोऱ्याची तार छेडून ती विरत जाऊ दे, किंवा गाण्याचा शेवट हळूहळू शून्यावर नेऊ दे. डिथर नसेल तर शेवटी आवाज खरडल्यासारखा होतो आणि मग एकदम तुटतो. डिथर असेल तर तो सळसळीत मिसळत जातो आणि सळसळीच्या खालीही थोडा वेळ ऐकू येतो.

तीन. पायऱ्या कमी असतील, किंवा आधी कमी लेव्हलवर ठेवून नंतर वाढवला असेल : शंभर टक्के हो. ८ बिटवर तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरही फरक कळतो.

माझी चूक

आजीची पहिली कॅसेट मी या तिसऱ्या खड्ड्यात घातली. रेकॉर्ड करताना लेव्हल इतकी कमी ठेवली, की सगळ्यात मोठा स्वरसुद्धा पूर्ण पातळीच्या ५० डीबी खाली होता. म्हणजे १६ बिटच्या ३२,७६८ पायऱ्यांपैकी वर शंभर आणि खाली शंभर एवढ्याच वापरात. नावाला १६ बिट, कामाला आठही नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये आवाज ३२ बिट फ्लोटमध्ये होता, तोवर फारसं बिघडलं नव्हतं.

मग मी हुशारी केली. टेपची 'हिस्स' आणि मागची जात्याची घरघर नकोशी वाटली म्हणून नॉईज रिडक्शन जोरात चालवलं. म्हणजे निसर्गाने दिलेली चिठ्ठ्यांची पिशवी फेकून दिली. नंतर 'डिथर म्हणजे नॉईज' या समजुतीने डिथर 'नन' करून १६ बिट फाईल काढली, आणि जागा हवी म्हणून मूळ प्रोजेक्ट डिलीट केलं. शेवटी त्या फाईलचा आवाज ४० डीबी, म्हणजे शंभरपट वाढवला. प्रत्येक पायरीची चूकही शंभरपट झाली.

गावी जाऊन आत्याला ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई ओवी संपवताना हळूच 'गं' म्हणायची, लांबवून. ते कुठं गेलं? इथं नुसतं कुरकुरतंय." तो 'गं' विरत जायचा. विरताना तो अर्ध्या पायरीच्या खाली गेला आणि शून्य झाला. आता कॅसेट परत लावू म्हटलं, तर वीसेक वर्षं पेटीत राहिलेली टेप पहिल्याच खेपेला प्लेअरमध्ये गुंडाळून चुरगळली होती.

ओव्या ही काही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून 'पारी'वर त्या लोकांसमोर येत आहेत. तुमच्याही घरी अशी एखादी कॅसेट असेल. म्हणून हे सगळं लिहितोय.

तुम्ही काय करायचं?

दुसरी कॅसेट मी या क्रमाने उतरवली :

१. आधी लेव्हल. सगळ्यात मोठा आवाज पूर्ण पातळीच्या ६ ते १० डीबी खाली राहील असं बघा. मी हे एकच केलं असतं, तर डिथर नसतानाही 'गं' वाचला असता.

२. जमेल तिथे २४ बिट रेकॉर्डिंग. मूळ फाईलला हात लावायचा नाही. हिस्स, घरघर, सगळं राहू द्या. सफाई करायची ती कॉपीवर.

३. सगळं काम ३२ बिट फ्लोटमध्ये. मधल्या टप्प्यात डिथर नको, कारण दर वेळी खरखरीचा नवा थर बसतो.

४. शेवटी १६ बिटला येताना एकदाच डिथर. 'शेप्ड' हा पर्याय खरखर कानाला कमी कळणाऱ्या वरच्या फ्रीक्वेन्सीकडे ढकलतो. फाईलवर पुढे अजून काम होणार असेल तर साधं 'ट्रँग्युलर' बरं.

स्वतः करून बघा

ऑडासिटी फुकट आहे. ४४० हर्ट्झचा टोन ०.०१ ॲम्प्लिट्यूडने तयार करा. ॲम्प्लिफाय इफेक्टने उणे ३० डीबी, असं दोनदा करा. आता टोन १६ बिटच्या एका पायरीच्या जेमतेम एक तृतीयांश उरला. क्वालिटी सेटिंगमध्ये डिथर बंद ठेवून एक १६ बिट वेव्ह फाईल काढा, 'ट्रँग्युलर' ठेवून दुसरी. दोन्ही नव्या प्रोजेक्टमध्ये आणा, दोन्ही ट्रॅक एकदम सिलेक्ट करून आवाज ७० डीबी वाढवा (५० आणि मग २०). हेडफोनचा व्हॉल्यूम आधी कमी करा. पहिल्या ट्रॅकमध्ये काहीच नाही, सपाट रेष. दुसऱ्यात सळसळ, आणि तिच्या आत स्पष्ट वाजणारा टोन. पायरीपेक्षा लहान आवाज पायऱ्यांच्या जिन्यातून सुखरूप आला.

नंतर तुमच्या आवडत्या गाण्याच्या २४ बिट फाईलपासून अशाच दोन फाईली काढा आणि मित्राला न सांगता १६ वेळा ओळखायला लावा. १२ किंवा जास्त बरोबर आले, तर तो नुसता तुक्का असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. एवढे आले तर मला २४ नंबरच्या रूमवर येऊन सांगा, चहा माझ्याकडून. माझे स्वतःचे नऊ आले.

दुसरी कॅसेट आत्याला ऐकवली. मागे हिस्स आहे, जात्याची घरघर आहे. ती म्हणाली, "हां, हे आमचं घर." ओवी संपताना 'गं' हळूहळू घरघरीत मिसळत गेला. नक्की कुठं संपला, ते दोघांनाही सांगता आलं नाही.